दोऱ्याची काकडी

औषधवालीनं गोळ्यांची पट्टी कात्रीनं अर्धी कापली, पाकिटात सरकवली, आणि सुटे पैसे मोजता मोजता सहज बोलून गेली, "तुमच्या सासऱ्यांचे फार उपकार झाले हो. बघा तरी कशी चढलीय!" हिनं मान वर केली. खोकल्याच्या औषधांच्या कपाटाला सुतळी बांधली होती आणि खिडकीतल्या कुंडीतून निघालेला काकडीचा वेल त्या सुतळीवरून थेट बाटल्यांपर्यंत पोचला होता. पिवळी फुलं, आणि एका फुलामागे करंगळीएवढी काकडीसुद्धा. "बी त्यांनीच दिलं. मी आपलं हे पाकीट पुढं केलं, तर नाही म्हणाले. हात पुढं करा म्हणाले. एकेक करून हातावर ठेवलं बघा. किती माया आहे हो त्या माणसात!" औषधवाली हसत होती. तिचा हात अजून काउंटरवर तसाच पसरलेला होता, गुबगुबीत, गुलाबी, नखांना रंग लावलेला. हिनं त्या हाताकडे एकदा बघून घेतलं. सुटे पैसे घेतले, पर्समध्ये न टाकता मुठीतच धरले, आणि "हो का? छान," असं काहीतरी म्हणून ती बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की गोळ्या तिथंच राहिल्या. राहू देत. म्हाताऱ्याचं बीपी एक दिवस वाढलं तर काही जगबुडी होत नाही.

माया म्हणे. त्या माणसाच्या तोंडून ती सून म्हणून घरात आल्यापासून सरळ एक वाक्य तिच्या वाट्याला आलं नव्हतं. चहा हवा असला तर "चहा झाला का," हे भिंतीला विचारायचं. भाजी खारट झाली तर पाण्याचा तांब्या जवळ ओढायचा आणि घटाघटा प्यायचं, म्हणजे जिला कळायचं तिला कळेल. ती दातांच्या लॅबमध्ये काम करायची. दिवसभर प्लास्टर कालवायचं, लोकांच्या जबड्यांचे साचे काढायचे, मेणात एकेक दात बसवायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. परक्या माणसांची तोंडं तिला हिरड्यांच्या उंचसखलपणासकट पाठ होती, आणि घरातलं हे एक तोंड मात्र कायम बंद. सासरे जमीन मोजणारे होते. नोकरी संपली, साखळी आणि दुर्बीण खात्यात जमा केली, पण मोजायची खोड काही जमा झाली नाही. घरामागच्या हातभर जमिनीत त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि प्रत्येक झाडाला त्याची हद्द आखून दिली. इथे मुळा, इथे पालक, इथे शेपू. पुदिना मोकाट सुटतो म्हणून त्याला बुड कापलेल्या डब्यात पुरून टाकलेला. टोमॅटोला काठ्या, घेवड्याला जाळी. स्ट्रॉबेरीच्या धावणाऱ्या फांद्या हद्दीबाहेर गेल्या की कात्री. आणि त्या सगळ्यात मानाची जागा काकडीला, कारण तिचं बी घरचं. सासूबाई लग्न होऊन येताना घेऊन आल्या होत्या ते बी. तेव्हापासून दरवर्षी धरलेलं, दरवर्षी पेरलेलं, मधे एकदाही खंड नाही.

पेरणीचा दिवस म्हणजे त्या घरात एक सोहळाच होता. तसं कुणी म्हणायचं नाही त्याला, पण होता. सासरे साबणानं हात धुऊन मागच्या पायरीवर बसायचे, मांडीवर बियांचा डबा. सासूबाई आतून पदराला हात पुसत यायच्या आणि हात पुढं करायच्या. त्या हातावर ते एकेक बी ठेवायचे, घाई नाही, गडबड नाही, आणि सासूबाई मूठ मिटून आपल्या ओळीपाशी जायच्या. मग मुलगा. एवढा घोडा झालेला, हॉटेलात रिसेप्शनवर टाय लावून उभा राहणारा मुलगा, पण त्या दिवशी अनवाणी येऊन बापापुढं हात पसरायचा. बाजारचं बी पाकीट फाडून कसंही ओतायचं, घरचं मात्र हातावरून हातावर. आणि ती? ती स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी. पहिल्या वर्षी तर तिनं नेलपॉलिशसुद्धा काढून टाकलं होतं आदल्या दिवशी. ती वाढली ती चौथ्या मजल्यावर, मातीशी संबंध आला तो बुटाला लागण्यापुरता. या घरात मागं जमीन आहे म्हटल्यावर ती मनातून हरखली होती. आता बोलावतील, मग बोलावतील. डब्याचं झाकण लागलं. सासरे उठले, गुडघे झटकले आणि तिच्या शेजारून आत गेले. रात्री तिनं नवऱ्याला विचारलं, अगदी हसत हसत, मला नाही का रे मिळत? तो तिच्या केसांतून हात फिरवत म्हणाला, "मिळेल गं. घाई करू नकोस. बाबांना कुणी मागितलेलं आवडत नाही. ते स्वतः बोलावतील बघ." त्याचं असंच असायचं. रिसेप्शनवर कुणी गिऱ्हाईक तणतणत आलं की ते हसत परत जायचं, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तो वेटरही हसत. दोघांना काय सांगितलं ते तोच जाणे. घरीही तेच. सगळ्यांचा लाडका. ती वाट बघत राहिली. एक वर्ष, दुसरं वर्ष. पुढं पुढं कप घेऊन दारात उभं राहणंही तिनं सोडलं. त्या दिवशी मुद्दाम लॅबमध्ये ओव्हरटाइम घ्यायची.

मग सासूबाई गेल्या. आणि पुढच्याच वर्षी नवराही. एका रविवारी दुपारी, बाथरूममध्ये, नळ चालू असताना. छाती. सकाळभर बागेत काम केलं होतं त्यानं, बापाच्या नव्या वाफ्यासाठी कुदळ मारली होती, आणि तिला तेव्हापासून आजतागायत त्या वाफ्याकडे बघवत नव्हतं. बापानं मारलं त्याला. चाळिशी उलटलेल्या, अंगमेहनतीची सवय नसलेल्या माणसाला उन्हात खणायला लावलं. हे ती कुणाला बोलली नाही, पण बोलली नाही म्हणून काय झालं, रोज उठून मनात तेच. आणि सासरे? त्यांनी तर चारचौघांत बोलून दाखवलं. लोक भेटायला आले होते, खुर्च्या कमी पडल्या म्हणून काहीजण दारातच उभे होते, आणि सगळ्यांसमोर, तिच्याकडे न बघता, छताकडे बघून ते म्हणाले, "शेजारी झोपणाऱ्या बायकोला कळलं नाही?" बस्स. एवढंच. तिच्या बहिणीला सहन झालं नाही. ती म्हणाली, अहो, तो तरी कुठं काही सांगायचा? तर ताडकन उठून त्यांनी बहिणीला दार दाखवलं. माझ्या मुलाबद्दल या घरात वाकडा शब्द चालणार नाही. बहीण तेव्हापासून मागं लागली होती, माझ्याकडे ये, मागची खोली रिकामीच आहे, त्या म्हाताऱ्याची उष्टी कशाला काढत बसलीस? खरंच कशाला? नोकरी होती, हातपाय धड होते. पण ती गेली नाही. कारण एकच, आणि ते कारण इतकं येडपट होतं की बहिणीला सांगायची सोय नव्हती. एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं आपल्या हातावर बी ठेवायला हवं होतं. मग ते तिथंच मातीत झटकून, बॅग उचलून ती निघून जाणार होती. परकी म्हणून हाकललं जाणं तिला मान्य नव्हतं. घरची होऊन, मग घराला लाथ मारून जायचं होतं.

म्हाताऱ्यालाही हे कळत असावं. तिच्या खोलीच्या खिडकीखाली, जिथं ती कपडे वाळत घालायची, तिथं त्यानं मुलगा गेल्यावर रासबेरीचं झुडूप लावलं. सगळ्या बागेत नेमकी तीच जागा सापडली. काटे असे की पलंगपोस सोडवताना दरवेळी मनगटावर रेघ. फळं लागली की तो सकाळीच वाटीत तोडून घेई आणि पायरीवर बसून एकटा खाई. लालभडक बोटं पाण्याच्या बादलीत बुडवून मग आत. ती गॅसपाशी उभी राहून खिडकीतून बघायची. एकदा तिनं त्या झुडपाच्या मुळाशी लॅबमधलं उरलेलं प्लास्टरचं पाणी नेऊन ओतलं. झुडूप मेलं नाही. उलट त्या वर्षी फळ जास्त आलं. देवसुद्धा त्याच्याच बाजूचा.

आणि आता ही औषधवाली! ओळख ना पाळख, गोळ्या विकणारी बाई, तिला हात पुढं करा म्हणे. एकेक करून. चालता चालता ती स्वतःशीच बोलायला लागली होती. समोरून येणारा पोस्टमन थांबून बघायला लागला तेव्हा तिनं ओठ मिटले. तिच्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. मुठीतली नाणी घामानं चिकट झाली होती. घरी आली तर म्हातारा घरात नव्हता. कटिंगला गेला असणार, महिन्याची वेळ झाली होती. तिनं चपला काढल्या नाहीत, पर्स ठेवली नाही. सरळ मागच्या दारानं बागेत.

बाग यंदा वाईट होती, आणि ते बघून तिला बरं वाटलं. मागच्या हंगामातल्या बियांच्या डब्यात ओल शिरून निम्मं बी बुरसलं होतं. उरलेलं म्हाताऱ्यानं सगळंच पेरलं, त्यातले मोजके वेल आले. त्यांच्याही पानांवर पांढरी भुकटी धरली. तो रोज सकाळी दूधपाणी शिंपडत होता, चष्म्यातून पानं उलटी करकरून बघत होता, आणि एकेक वेल उपटून टाकत होता. आता भिंतीजवळ एकच उरला होता. त्यावर एकच काकडी, आणि तिच्या देठाला लोकरीचा लाल दोरा. तो दोरा म्हणजे काय हे त्या घरात रांगणाऱ्या पोरालाही कळलं असतं. सगळ्यात चांगलं फळ खायचं नाही. त्याला दोरा बांधायचा, वेलावरच ठेवायचं, पार पिवळं, जाडजूड, तपकिरी होईपर्यंत, आणि मग त्यातलं बी पुढच्या वर्षासाठी. दोऱ्याच्या काकडीला हात लावायचा नाही. पाहुण्यांची पोरं बागेत शिरली तर सासूबाई आधी तेवढंच सांगायच्या. ही काकडी अजून हिरवीगार होती, वीतभर लांब, कोवळी, सालीवर बारीक पांढरी लव. आत्ता तोडली तर बी कच्चं. पुढच्या वर्षी काही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही काही नाही. तिला हे सगळं माहीत होतं. चुकून तोडली असं नंतर तिला स्वतःलाही म्हणता येऊ नये, म्हणून तिनं आधी दोऱ्याची गाठ नीट सोडली. मग देठाशी नख रोवून काकडी खुडली. वेल मागं झटकला गेला आणि जाळीवर डुलत राहिला.  हात चांगला स्थिर होता. रोज मेणात दात बसवणारा हात तो.

स्वयंपाकघरात तिनं काकडी धुतली, टोकं कापली, टोकावर टोक घासलं, सालीसकट पातळ गोल काप केले. ताटलीत मांडले, कडेनं एकावर एक असे, पाहुण्यांसाठी मांडतात तसे. वर मीठ. मग टेबलाशी बसली. खोलीत काकडीचा तो हिरवा, गार वास पसरला आणि त्या वासानं तिला एकदम नवरा आठवला. कामावरून आला की टाय सैल करून पहिल्यांदा ओट्यावरची काकडी उचलायचा, कचकन चावायचा, तोंडात घास असतानाच बोलायला लागायचा. तिला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. राग इतका होता की रडण्याला आत शिरायला वाव नव्हता. येऊ देत म्हाताऱ्याला. बघू देत. आज तरी भिंतीशी न बोलता माझ्याशी बोलेल. आरडाओरडा करेल, ताटली भिरकावेल, चालती हो म्हणेल. चालेल. मी तयारच आहे. बहिणीला फोन करायचा, बॅग भरायची. त्या विचारानं तिला हलकं वाटायला हवं होतं. पण वाटत नव्हतं; ताटलीतला सरकलेला एक काप ती पुन्हा पुन्हा नीट लावत राहिली.

दार वाजलं. सासरे आत आले. मानेवर कटिंगचे बारीक केस, कानांमागं पावडर. टोपी खुंटीला अडकवून ते नेहमीसारखे मागच्या दाराकडे निघाले आणि टेबलापाशी थांबले. ताटलीकडे बघितलं. मग मागच्या दारातून वेलाकडे. पुन्हा ताटलीकडे. खुर्ची ओढून ते तिच्यासमोर बसले. एक काप उचलून उजेडाकडे धरला, नखानं त्यातलं एक बी बाहेर काढलं आणि चिमटीत दाबलं. फुटलं ते, नुसतं पाणी.

"दूधच आहे अजून," ते म्हणाले.

"हो. मी तोडली. दोरा बघून तोडली."

"बघूनच तोडली असशील. आंधळी नाहीस तू."

तू! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तिला त्याचाही संताप आला. "आणि एवढं तोंड पाडून बसायला काय झालं? त्या औषधवालीकडं आहे की भरपूर. तिच्याकडून आणा मागून."

"तिच्याकडं काय आहे?"

"काकडी! खोकल्याच्या बाटल्यांवर चढलीय. तिच्या हातावर ठेवलंत ना, एकेक करून? मला सांगत होती कौतुकानं. माया आहे म्हणे तुमच्यात!"

ते क्षणभर कळलं नसल्यासारखे बघत राहिले. "ते? ते बाजारचं. नर्सरीतल्या पाकिटातलं."

"खोटं. हातावर दिलंत तुम्ही."

"तिच्या पाकिटाला औषधांचा वास मारत होता, म्हणून हात पुढं करायला लावला. बाजारचं असलं तरी बी आहे ते." त्यांनी हातातला काप परत ताटलीत ठेवला, होता त्याच जागी. "घरचं बी घराबाहेर जात नाही."

"मग हे कुणासाठी धरत होतात?" तिचा आवाज चढला. "पुढच्या वर्षी कुणाच्या हातावर ठेवणार होतात? आता आहेच कोण या घरात?"

 ते तिच्याकडे बघत राहिले, आणि आपणच विचारलेला प्रश्न तिच्या कानात पुन्हा वाजला. घरात कोण आहे. घरात ती होती. दुसरं कुणी नव्हतंच. तिला ते आत येऊ द्यायचं नव्हतं. दाराला पाठ लावून उभं राहावं तशी ती त्या विचाराला अडवून बसली. नाही. आता नाही. आता हे मला ऐकायचं नाही.

"मग दिलंत का नाही कधी?" ती ओरडलीच. "उभी नव्हते मी दारात? दरवर्षी? दिसत नव्हते तुम्हाला?"

"मागितलंस कधी?"

"मी मागायचं?"

"सगळे मागत. तुझी सासू मागायची. तो बोबडं बोलायचा तेव्हापासून मागायचा. बोलावून हातावर ठेवायला ती काय भीक आहे? घरचं माणूस आपणहून येतं, हात पुढं करतं." तेही आता मोठ्यानं बोलत होते. मानेच्या शिरा फुगल्या होत्या. गोळ्या दुकानातच राहिल्यात, हे तिला आठवलं आणि तिनं सांगितलं नाही. "तू यायचीस, दारात उभी राहायचीस, नाटक बघायला आल्यासारखी चहा प्यायचीस आणि जायचीस."

"कारण मला सांगितलं होतं, मागू नकोस म्हणून! बाबांना मागितलेलं आवडत नाही. ते स्वतः बोलावतील, वाट बघ."

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या मुलानं."

"खोटं बोलतेस."

"मी कशाला खोटं बोलू? पहिल्याच वर्षी. त्याच रात्री."

 टेबलावरचे सासऱ्यांचे दोन्ही हात उताणे पडले होते. त्यांच्या रेघांमधून माती गेली नव्हती, ती साबणानंही जायची नाही. त्या हातांकडेच बघत ते म्हणाले, "मला म्हणाला, तिला नकोय. मातीची किळस येते म्हणाला. विचारूसुद्धा नका, उगाच तिला नाही म्हणताना अवघड होईल."

किळस! दिवसभर परक्यांच्या थुंकीतले साचे हाताळणाऱ्या बाईला मातीची किळस! तिला हसू फुटलं, आणि ते घाणेरडं, कोरडं हसू थांबेना. नवऱ्याला तिनं डोळ्यांसमोर अगदी स्पष्ट बघितलं, टाय सैल करून, काकडीचा घास तोंडात, आधी इकडे गोड बोलणारा, मग तिकडे गोड बोलणारा. का? काही मोठा डाव नसणारच त्याचा. त्या दिवशी आपल्याला मधे पडावं लागू नये, एवढंच. दोन्ही पार्ट्या हसत परत गेल्या पाहिजेत. आणि या दोन पार्ट्या इतकी वर्षं एका छपराखाली एकमेकांच्या जिवावर उठून जगल्या.

"खोटारडा," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्यानं. आणि थांबली. आता उठेल हा. आता हात उगारेल.

सासऱ्यांनी एक काप उचलून तोंडात टाकला. चावताना कवळी कटकट वाजत होती, खालच्या बाजूला सैल झाली असावी. गिळून झाल्यावर ते म्हणाले, "होताच." मग ताटली तिच्याकडे सरकवली. "खा. मीठ टाकलंयस, आता पाणी सुटेल."

तिनं खाल्ली. कडूपणाचा लवलेश नव्हता. कोवळी, गार, गोड. इतकी चांगली काकडी तिनं त्या घरात कधी खाल्ली नव्हती आणि त्याचाही तिला राग आला. ते एक काप घेत, मग ती एक घेई. "शाळेत नापास झाला," सासरे म्हणाले, "तर मला सांगितलं, निकाल लागलाच नाही. आईला सांगितलं, बाबांना माहीत आहे, ते चिडलेत, विषय काढू नको." ती म्हणाली, "माझ्या बहिणीच्या लग्नाला तुम्ही आला नाहीत. आमच्याकडं सांगितलं, तुमचा पाय मुरगळलाय." "मला बोलावलंच नव्हतं त्यांनी," सासरे म्हणाले. "बोलावलं होतं," ती म्हणाली, "मी स्वतः पत्रिका त्याच्या हातात दिली होती." ते मान हलवत राहिले. त्यांच्या आवाजात माया नव्हती, तिच्याही नव्हती. एकमेकांना काही माफ करावं असं दोघांपैकी कुणालाच वाटत नव्हतं. पण बोलणं चालू राहिलं, आणि बोलता बोलता ते जिथं यायचं तिथं आलंच. सासरे थांबले. चष्मा काढला, टेबलावर ठेवला. डोळे त्यांनी तिच्याकडे केले नाहीत.

"त्या रविवारी," ते म्हणाले, "कुदळ मारता मारता मधेच बसला. छाती चोळत होता. मी म्हटलं, राहू दे, डॉक्टरकडे चल. तर म्हणाला, कालच जाऊन आलोय. ती घेऊन गेली होती. गोळी दिलीय डॉक्टरांनी, काळजीचं काही नाही."

तिच्या हातात काप होता. तो तिनं खाली ठेवला.

"मला म्हणाला, खणून खांदा धरलाय," ती म्हणाली. "मी म्हटलं, दाखव तरी. तर म्हणाला, बाबांनी आत्ताच तेल चोळून दिलंय, बरं वाटतंय."

मागचं दार उघडंच होतं. 

"मी तेल चोळलं नव्हतं," सासरे म्हणाले.

"मी डॉक्टरकडे नेलं नव्हतं," ती म्हणाली.